मशेरीचं बोट

एका गावात छबूबाई नावाची मोठी खमकी बाई होती. बायकांनी मतदान घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं, तेव्हा बाटली आडवी करायला हीच सगळ्यांच्या पुढे. शाळेशेजारच्या टपरीवरचा गुटखाही तिनेच चव्हाट्यावर आणून जाळला. ती दिसली की भल्याभल्यांच्या हातातली पुडी गुपचूप खिशात जायची.

आणि हीच छबूबाई रोज सकाळी काय करायची? तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, कुटायची आणि ती मशेरी बोटाने दातांना चोळत उंबऱ्यात बसायची. नवरा एकदा म्हणाला, "हीसुद्धा तंबाखूच की." तिने त्याला उडवून लावलं. "याला व्यसन म्हणतात होय? दात घासते मी." मुलगी तेजल सातवीत असताना दाढ दुखते म्हणून रडायला लागली, तेव्हा छबूबाईनेच तिच्या बोटावर चिमूटभर मशेरी ठेवली. दाढ दुखायची थांबली, पण पोरीचं बोट काही थांबलं नाही.

तेजल नववीत गेली. शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरला आणि पाहुणी म्हणून अर्थातच छबूबाईला बोलावणं आलं. मुख्याध्यापिका भाषणात म्हणाल्या, "सांगायला वाईट वाटतं, पण आपल्या मुलीही तंबाखू लावून वर्गात बसतात. परवा एकीला भोवळ आली." नाव त्यांनी घेतलं नाही.

छबूबाई तडक उठली. "झाकू नका, बाई. जी कोण असेल तिने उभं राहावं. तिच्या आईला मी विचारते, पोरीकडे लक्ष आहे का म्हणून."

मुलींच्या रांगेतून तेजल उभी राहिली.

छबूबाई व्यासपीठाच्या कडेपर्यंत आली. कसंबसं तिने विचारलं, "कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. माझी मीच शिकले," तेजल म्हणाली. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

कार्यक्रमाला जमलेल्या गावातल्या बायकांत कुजबूज झाली. "बघा, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. बाई असावी तर अशी." आणि टाळ्या वाजल्या.

गप्प बसली असती तर छबूबाईची अब्रू शाबूत राहिली असती. पण पोर आपल्यासाठी खोटं बोलली, आणि आपण टाळ्या घेतोय, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने उजवा हात वर केला. बोट नखापर्यंत काळं होतं.

"खोटं बोलतेय ती," छबूबाई म्हणाली. "पहिली चिमूट मीच दिली. गावाचं दुकान बंद केलं, पण घरातला तवा काही उतरवला नाही. लाज वाटते मला." आणि ती खाली जाऊन तेजलशेजारी उभी राहिली.

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. बायकांच्या ओळीत एकीने पदर तोंडावर घेतला. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता अख्ख्या ओळीचे काळे दात पदराआड गेले.

तात्पर्य: मुलांचं व्यसन गावभर शोधत फिरण्याआधी आपल्या घरात ते कोणत्या साळसूद नावाने नांदतंय ते बघावं. मुलं आपलं भाषण विसरतात, आपला हात मात्र रोज बघतात.