केरोबाची पायरी

उंच डोंगरातल्या एका गावात पोहायला शिकण्यासाठी बांधलेला एक मोठा दगडी हौद होता. गावाखालची नदी फार दगाबाज. पोहता न येणाऱ्याला ती परत देत नसे. म्हणून गावातलं प्रत्येक मूल आधी हौदाच्या पायऱ्या उतरून पोहायला शिके आणि मगच नदीवर जाई.

हौदाची एकेक पायरी एकेका घराकडे होती. हिवाळा असा कडक, की सांध्यांत मुरलेलं पाणी गोठून दगडाला तडे जात. म्हणून थंडीआधी हौदातलं पाणी पार खालच्या पायरीच्याही खाली उतरवत. मग ज्याने त्याने आपल्या पायरीचं शेवाळ खरवडायचं, सांधे कोरडे करून मेणाने बुजवायचे आणि वर गवताचा जाड थर देऊन तो धोंड्यांनी दाबायचा. दुसऱ्याच्या पायरीला मात्र हात लावायचा नाही. लावला, तर त्या घरात कुणी कर्तं उरलं नाही, असा अर्थ होई. केवढा अपमान!

सगळ्यात खालची पायरी केरोबाची. तिच्यावर साऱ्या जिन्याचा भार, म्हणून तिचा मान मोठा आणि केरोबाचा तोरा त्याहून मोठा. तिच्या वरची पायरी सगुणाची. सगुणाचा नवरा नदीत बुडाला होता. शेताच्या बांधावरून भांडण होऊन केरोबाने तिच्याशी बोलणंही टाकलं होतं.

एका वर्षी केरोबा "थंडीला अजून अवकाश आहे" म्हणत घरच्यांना घेऊन लांबच्या लग्नाला गेला. थंडीने काही त्याची वाट पाहिली नाही. एका दुपारी वारा फिरला, आभाळ दाटून आलं. संध्याकाळी बर्फ पडणार, हे सगळ्यांनी ओळखलं. केरोबाची पायरी तशीच ओली, शेवाळलेली होती.

लोक काठावर जमले. "त्याची पायरी, त्याचं तो बघेल," एक जण म्हणाला. वा रे शहाणे! खालची गेल्यावर यांच्या वरच्या काय हवेत राहणार होत्या?

सगुणा खाली उतरली. बोटं सोलवटेपर्यंत तिने शेवाळ खरवडलं. पदराने सांधे पुसले, मेण भरलं. गवत मात्र कुणाकडेच उरलं नव्हतं. तेव्हा तिने आपल्याच पायरीवरचं गवत उचललं आणि केरोबाच्या पायरीवर पसरलं.

"अगं सगुणा, तुझी पायरी फुटेल ना!" वरून कुणीतरी ओरडलं.

"फुटू दे. माझी फुटली तर एक फुटेल. ही फुटली तर सगळा जिना ढासळेल, आणि मग पोरं सरळ नदीवर जातील."

नदी काय नेते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? धन्य ती बाई!

बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्या, तसा केरोबा परतला. नातीचा हात धरून तो थेट हौदावर आला. तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यात उतरायचं होतं. आपल्या पायरीवरचं गवत पाहून तो तडकला. "माझ्या पायरीला हात कुणी लावला? माझं घर काय ओस पडलंय?"

"मी लावला, भावजी," सगुणा म्हणाली. "पायरी तुमचीच आहे. पण तिच्यावरून उतरणारी लेकरं आपल्या सगळ्यांची आहेत."

तोवर नात उड्या मारत निघालीसुद्धा. सगुणाच्या पायरीचा कोपरा फुटला होता. तिथे पोरीचा पाय डगमगला. सगुणाने चटकन तिचा हात धरला आणि तिला खालच्या पायरीवर उभं केलं. ती पायरी तसूभरही हलली नाही.

केरोबाने फुटकी पायरी पाहिली, मग आपली धड पायरी पाहिली. गवत कुठून आलं, ते त्याला कळलं. तो सगुणाकडे वळला.

"वहिनी, तुमच्या पायरीला नवा दगड मी बसवून देतो."

"द्या की. आणि पुढच्या थंडीला गवत जरा लवकर आणा," सगुणा हसून म्हणाली.

तेव्हापासून त्या गावात थंडीआधी प्रत्येक जण आधी शेजाऱ्याची पायरी झाकतो आणि मग आपली.

तात्पर्य: आपली पायरी सांभाळतो तो शहाणा, पण जिच्यावर सगळे उभे आहेत ती पायरी, मग ती कुणाचीही असो, जो वेळेवर सांभाळतो तोच खरा थोर.