ग्रंथपाल मंडळाचं दुसरं बारसं

एक होतं खोरं. खोऱ्यात जंगल होतं, जंगलात जनावरं होती, आणि ती जनावरं दर पाच वर्षांनी रांगेत उभी राहून बिबट्यालाच निवडून देत होती, म्हणून तिथे लोकशाहीही होती. बिबटेसरकार मोठे मायाळू. आदल्या दिवशी कुणाला खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी सांत्वनाला जातीनं जायचे. तिथून उपाशी परत यायचे नाहीत, एवढंच.

या खोऱ्यात वाचनालयंसुद्धा होती. जनावरांना वाचनालयं कशाला, असं तुम्ही विचाराल. सरकारही हेच विचारत असे.

जांभूळकोंडच्या वाचनालयात अनसूयाबाई खवले ग्रंथपाल होत्या. खवले मांजर. अंगभर खवले, हातभर जीभ आणि आवडता खाऊ वाळवी. वाचनालयाला आणखी काय हवं हो? बाई सकाळी कपाटांवरून एकदा जीभ फिरवायच्या, की पुस्तकं सुखरूप आणि बाईंची न्याहारीही झालेली. खोड एकच. कुणी डोळे वटारले की बाई अंगाचा चेंडू करून बसायच्या. आईनं तेवढंच शिकवलं होतं.

खोऱ्यातल्या ग्रंथपालांची एक जुनी रीत होती. नवं पुस्तक आलं की त्यावर मंडळाचा शिक्का दोनदा मारायचा. एकदा पहिल्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. आणि एकदा पंचविसाव्या पानावर, गुपचूप. चोर पहिलं पान फाडतोच. पण पंचविसाव्या पानापर्यंत जाणारा चोर अजून जन्माला यायचा होता. शिक्क्यावर नाव असायचं, ‘दक्षिण खोरे ग्रंथपाल मंडळ’.

त्या वर्षी उन्हाळ्यानं कहर केला. ओढे आटले, आणि सरकारांचे मेहुणे मगरराव यांनी उरलेल्या एकुलत्या एका पाणवठ्याला काटेरी कुंपण घातलं. आत विकास चालू आहे, म्हणाले. तो चालूच होता; मगरराव चांगलेच सुटले होते.

भागीरथी चितळीण धावतपळत वाचनालयात आली. “बाई, पोरं चिखल चाटतायत हो. माझ्या धाकटीला काल उभं राहवेना.”

“अगं, रडतेस काय? ‘पाणवठ्याचा करार’ आहे ना आपल्याकडे!” अनसूयाबाईंनी कपाटातून जाडजूड पुस्तक ओढलं आणि पंचविसावं पान उघडलं. शिक्क्याच्या खालीच लिहिलं होतं: पाणी तहानलेल्याचं. त्याला कुंपण घालील तो गुन्हेगार. “प्रत्येक वाचनालयात याची प्रत आहे. पंच बसले की हेच पान वाचून दाखवते. मग बघू मगररावांचा विकास.”

भागीरथीनं डोळे पुसले. पंच पुढच्या आठवड्यात बसणार होते. मध्ये फक्त मंडळाची वार्षिक सभा होती.

सभेच्या विषयपत्रिकेवर एकच विषय होता, वाळवी. तो दरवर्षीप्रमाणे पुढच्या वर्षावर ढकलण्यात आला. मग सरचिटणीस तरसे ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून उभे राहिले. तरसेसाहेबांनी आयुष्यात एकदाच पुस्तक नेलं होतं, तेही कातडी बांधणीचं. परत आलं तेव्हा नुसती पानंच आली.

“बंधूंनो, भगिनींनो आणि येऊ घातलेल्या अंड्यांनो!” तरसे म्हणाले. “काय हे आपलं नाव? ग्रंथपाल मंडळ! छे, छे, छे! ग्रंथ म्हटलं की पोटात गोळा येतो. मंडळ म्हटलं की सभासद प्रश्न विचारतात. आजपासून आपण ‘ज्ञानगौरव परिवार’! परिवारात कुणी प्रश्न विचारतं का? परिवारात असतं फक्त प्रेम. प्रेम, आणि मोठ्यांचं ऐकणं! म्हणा, जुनं नाव पुसू या...”

“नव्या नावात बसू या!” मागून रानडुकरांनी साथ दिली. ती सभासद नव्हती; पण घोषणेला सभासदत्व लागत नाही.

अनसूयाबाईंनी भीत भीत नखी वर केली. “साहेब, नाव बदललं तर वाळवी थांबेल का?”

“थांबेल म्हणजे काय बाई! वाळवीचंही नाव बदलतोय आपण. आजपासून ती ‘सूक्ष्मवाचक’. खोऱ्यात वाचनसंस्कृती किती वाढली, ते आता सरकारच जाहीर करेल.”

टाळ्या पडल्या. मग तरसेंनी ठरावाचं शेपूट वाचलं. जुन्या नावाचा शिक्का जिथे जिथे असेल, ती पानं परिवाराचा अपमान करतात. सबब प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि पंचविसावं पान फाडून सरकारजमा करावं.

अनसूयाबाईंनी पुन्हा नखी वर केली. “अहो, पण पंचविसाव्या पानावर मजकूर असतो!”

“असू दे की! पुस्तकात पानं काय कमी असतात?” तरसे हसले. ते कशालाही हसायचे, पण या वेळी जरा जास्तच वेळ हसले. पाणवठ्याचा निवाडा तोंडावर आला असताना नेमका हा ठराव यावा, हा अर्थातच निव्वळ योगायोग होता. खोऱ्यात असे योगायोग फार घडत, आणि सगळे मगररावांच्या अंगणात.

“ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं,” तरसे म्हणाले. वरच्या फांदीवर पाहुणे म्हणून आलेल्या बिबटेसरकारांनी त्याच वेळी जांभई दिली. सुळे छान पांढरे होते.

आता ग्रंथपाल म्हणजे कोण मंडळी? कासव, गोगलगाय, पैसा किडा. शांत बसणाऱ्यांचीच ती नोकरी. कासवांनी माना आत घेतल्या, गोगलगाई शंखात गेल्या, पैसा किडा गोल झाला. ऊठ अनसूये, ऊठ, असं बाई स्वतःला सांगत होत्या. सांगता सांगताच त्यांचा चेंडू झाला.

“ठराव एकमताने मंजूर!”

चेंडूच्या आत अनसूयाबाई रडल्या. भीतीनं नव्हे, शरमेनं.

दुसऱ्याच दिवशी रानडुकरं वाचनालयात शिरली आणि घोषणा देत देत पानं फाडून घेऊन गेली. ती इतर वाचनालयांतही गेली. असं चोख सरकारी काम खोऱ्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

पंच पाणवठ्याच्या कुंपणाशीच बसले. सरपंच घुबडराव दिवसा मिटलेल्या डोळ्यांनीच न्याय देत. त्यांनी विचारलं, “पुस्तकाचं नाव?”

“पाणवठ्याचा करार.”

“तसं कुठे लिहिलंय?”

लिहिलेलं पहिल्या पानावर होतं. अनसूयाबाईंनी पुस्तक उघडलं. चोविसाव्या पानानंतर एकदम सत्ताविसावं आलं. “ती ओळ मला पाठ आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ती खणखणीत म्हणून दाखवली.

“पाठ तर पोपटालाही असतं,” मगरराव पाण्यातूनच म्हणाले. “शिवाय पान फाडायचा ठराव बाईंच्याच परिवारानं केला. एकमतानं.”

अनसूयाबाईंनी पुस्तक मिटलं. भागीरथी गर्दीत उभी होती. धाकटी तिच्याबरोबर नव्हती, आणि तिच्याकडे बघून कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

घुबडरावांनी निवाडा दिला. कुंपण राहील. मात्र जनतेच्या भावना लक्षात घेऊन पाणवठ्याला नवं नाव द्यावं. तिथल्या तिथे कुंपणावर फलक चढला: ‘सर्वांचा पाणवठा. आत येण्यास मनाई आहे.’ हरणांनीही टाळ्या वाजवल्या. नाव खरंच गोड होतं.

“कुणाचा विरोध असेल तर त्यानं पुढे यावं,” तरसेंनी नव्या नावाचा ठराव मांडून रीतीप्रमाणे विचारलं आणि कुंपणाचं फाटक उघडून धरलं. “अगदी पाण्यापर्यंत.”

पाण्याशी मगरराव आ वासून बसले होते. कासवांनी माना आत घेतल्या. अनसूयाबाईंची पाठही आपोआप वाकायला लागली, पण त्यांनी ती ताठ केली आणि फाटकाकडे निघाल्या.

भागीरथीनं त्यांना अडवलं. “बाई, नका जाऊ. आता काय उपयोग?”

“त्या दिवशी उठले असते तर तुझी धाकटी आज इथे असती गं,” अनसूयाबाई म्हणाल्या. “आज तरी उठू दे मला.”

त्या फाटकातून आत गेल्या. मोठ्यानं पंचविसावं पान म्हणत गेल्या, काठापर्यंत.

त्या दिवसाचं इतिवृत्त ज्ञानगौरव परिवाराच्या दप्तरात कुणालाही बघायला मिळतं. त्यात लिहिलं आहे: विरोधात, एक. आणि खालच्या ओळीत लिहिलं आहे: ठराव एकमताने मंजूर.