एकेरी पट

“म्हणजे काढू देऊ म्हणता पाय? अहो वस्ताद, एका पायाचा पैलवान बघितलाय का कधी कुणी?”

हिंदुराव पोवार तालमीच्या पायरीवर बसला होता. डावं पाऊल फडक्यात गुंडाळलेलं. साखरेनं बोटं काळी पडली होती आणि त्यांचा वास त्याचा त्यालाच सोसवत नव्हता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, उद्या सकाळी गुडघ्याखाली पाय काढायचा, नाहीतर आठवड्याभरात माणूस हातचा जाईल. त्याची सही तेवढी राहिली होती.

कासम वस्ताद हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं उकरत होते. वय चौऱ्याऐंशी. खोरं चालूच होतं.

“मरू द्या मला अख्खा,” हिंदुराव म्हणाला. “दोन्ही पायांनिशी. तुमी हो म्हणा, म्हणजे पोरगी गप्प बसंल. तुमचा शब्द ती मोडत न्हाई.”

तर यासाठी आला होता गडी! मरायची परवानगी मागायला.

एके काळी हा मैदान मारून आला की लोक वेशीतच खांद्यावर घ्यायचे, घरापर्यंत पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. आता त्याच गावात टपरीवाला विचारतो, कोण हो तुम्ही? आणि हा बहाद्दर! कुस्ती सोडून पंचवीस वर्षं झाली, तरी रोज दोन लिटर दूध, वाटीभर तूप, बदाम. मेहनत बंद, खुराक चालू. साखर होणार नाही तर काय होणार? कुणी समजवायला गेलं की अंगावर धावून जायचा.

“तुझा खुराक मीच ठरवून दिला होता,” खोरं थांबवून वस्ताद म्हणाले. “बंद कधी करायचा, ते सांगायचं राहिलं.”

हिंदुराव फडक्याची सैल झालेली गाठ आवळत बसला.

“ये. हौद्यात उतर.”

“चेष्टा करता काय वस्ताद?”

“उतर म्हणतोय न्हवं!”

भिंतीला धरत धरत तो उतरला. म्हातारा वाकला आणि काही कळायच्या आत त्यानं हिंदुरावचा डावा पाय मांडीखाली कवळून वर उचलला. एकेरी पट! एकच पाय धरून गडी उताणा पाडायचा डाव. हिंदुराव कळवळला. पण उजवा पाय आपसूक मातीत रुतला, कंबर मागं गेली, हात म्हाताऱ्याच्या मानेवर बसला.

“सोडा वस्ताद... जीव चाललाय.”

“त्यो रोग तरी सोडणार हाय का?” वस्तादांनी फडक्याकडं मान केली.

हिंदुराव एका पायावर नाचत राहिला. अंगाला दरदरून घाम सुटला. मग त्या साठीच्या माणसाला रडू फुटलं, अगदी लहान पोरासारखं हुंदके देऊन...

वस्तादांनी पकड ढिली केली नाही.

“पाठ लागली का मातीला?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“...न्हाई.”

“मग पाय धरला की कुस्ती निकाली होते, असं कुणी शिकवलं तुला?”