सुईखडक

तिथं बसू नका, पाहुणे. इकडे चिंचेखाली या, सावली भरपूर आहे. त्या खडकावर आमच्यातलं कुणी बसत नाही. हवं तर जवळ जाऊन बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. ह्याला सुईखडक म्हणतात.

फार पूर्वी इथल्या पाटलाच्या घरात गोजरा नावाची सून आली. तिला माहेरी गोंदलेलं नव्हतं, आणि कोऱ्या हातचं पाणी सासरी कुणी घेईना. म्हणून तिच्या सासूनं, पाटलीणबाईनं, रंभा गोंदणारणीला बोलावलं. रंभानं मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन आणि वेल गोंदली. जाताना बजावून गेली, "पाटलीणबाई, हात अजून कच्चा आहे. खपली आपसूक पडेपर्यंत शेणात, राखेत घालू देऊ नका. हळद-खोबरेल लावा. कितीही खाजलं तरी नख लागू देऊ नका."

पाटलीणबाई म्हणाली, "आमच्यात सुना बसून खात नाहीत."

दुसऱ्याच दिवशी घरी सोयरे यायचे होते. गोजराला अंगण सारवायला बसवलं. तिनं हात दाखवला, तर सासू म्हणते कशी, "गोंदून घेतलंस म्हणजे राणी झालीस होय?" आधी सारवण, मग राखेनं भांडी, मग गोठा. रोज तेच. हात सुजला, पू धरला, ताप चढला. तरी वैदू आणला नाही. का? तर म्हणे सोयऱ्यांपुढं बोभाटा नको!

आणि वर काय केलं, तेही ऐका. हात काळा पडला तेव्हा पाटलानं रंभालाच धरून आणलं. ह्या खडकापाशी गाव जमवलं. "हिची सुई विषारी," म्हणाला. सुया मोडून तिला शिवेबाहेर हाकलायचं ठरलं. जिनं तोंड दुखेस्तोवर सांगितलं होतं, तिच्याच माथी आळ! गावातल्या बायांना सगळं ठाऊक होतं. पण पाटलापुढं तोंड उघडणार कोण?

गोजरानं उघडलं. तापानं फणफणलेली ती भिंती धरत धरत आली, असं सांगतात. हात सगळ्यांपुढं धरला आणि म्हणाली, "सुई एकदाच टोचली. शेणात मला रोज कुणी बसवलं, ते विचारा की!"

एवढं बोलून ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

रंभानं सुयांचा जुडगा काढला आणि खडकावर हाणला. लोण्यात जाव्यात तशा सुया दगडात शिरल्या म्हणे. "दगडाला पाझर फुटला, तुम्हांला नाही," ती म्हणाली. "ह्या गावाला आता सुई लागायची नाही."

तसंच झालं. एकही गोंदणारीण इकडं फिरकेना. मेल्यावर बाईसोबत तिचं गोंदण तेवढं जातं, अशी तेव्हाची समजूत. कोऱ्या हातांनी वर जायचं कसं, म्हणून म्हाताऱ्या रडायच्या. पोरी सासरी टोमणे खायच्या. शेवटी पाटलीणबाई स्वतः रंभाच्या पालावर गेली, पाया पडायला वाकली. रंभानं पाय मागं घेतले.

"माझ्या पाया पडून गोजरा परत येती का? पुढच्या सुनेचं काम तू कर. तुझ्या हातांनी."

धाकटी सून आली. रंभानं येऊन तिला गोंदलं, तेव्हा अंगण पाटलीणबाईनं सारवलं, गोठा तिनं काढला, आणि सकाळ-संध्याकाळ त्या पोरीच्या हाताला हळद-खोबरेलही तिनंच लावलं. सगळ्या गावानं पाहिलं. पाहायलाच हवं होतं.

आजही नव्यानं गोंदलेली सून ओसरीवर बसते आणि खपली पडेपर्यंत सासू राबते. गेल्या साली एक सून शहरातल्या दुकानातून मशीननं फुलपाखरू गोंदून आली. सासूला ते मुळीच आवडलं नाही. दिवसभर बडबडत होती, पण शेणाची पाटी तिनंच उचलली. उचलावीच लागते. 'एवढ्यानं काय होतंय' असं ज्या घरात म्हणतात, त्या घराची पायरी आम्ही बाया चढत नाही. लग्नाला नाही, मयतालाही नाही.