आडनाव कशाला?

आमच्या मानवतावादी मंडळाच्या शुक्रवारच्या चर्चेत एक नियम फार कडक आहे: कुणी आडनाव सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. नियम अध्यक्ष दिवाकरसरांनीच केलेला. गेल्या शुक्रवारी ते ‘जात कशी जाईल’ यावर तासभर बोलले. मग माझी मैत्रीण वृषाली उठली. ती पहिल्यांदाच आली होती.

“सर, तुमच्या तीन मुलांपैकी कुणाचं लग्न जातीबाहेर झालंय?”

सर हसले. “प्रश्न छान आहे. आडनाव काय तुझं?”

वृषालीने नकारार्थी मान हलवली. सरांनी माझ्याकडे बघितलं. “तुझीच मैत्रीण ना गं ही?”

मी अशी दचकले की तिचं आडनाव सांगूनच टाकलं.

“अच्छा, म्हणून होय,” सर म्हणाले. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

वृषालीने शांतपणे विचारलं, “आता आडनाव कळल्यावर तुमचं उत्तर बदलणार आहे का, सर?”

“छे छे. उत्तर तेच राहील.”

“मग विचारलंत कशाला?”

सर चष्मा पुसत बसले. वृषाली माझ्या शेजारी येऊन बसली. ‘तू सांगितलंस कशाला?’ असं तिने मला विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.