मोबाइलातली पोथी

“…मग चौरंगावर ठेवायचं तरी काय, बुवा? चार्जर?”

विश्वंभर तावातावाने विचारत होता. मठाच्या ओसरीवर आत्मारामबुवा शांतपणे सुपारी कातरत होते. खांबाला टेकून अनसाक्का बसली होती, मान खाली घालून.

श्रावणातल्या सप्ताहात रोज एका घरातल्या माणसाने पोथीचा अध्याय वाचायचा, ही मठाची रीत. उद्याची पाळी अनसाक्काची. डोळे अधू झाल्यापासून तिच्या वाटचं विश्वंभरच वाचायचा. यंदा लेकीने मोबाइलवर पोथी घालून दिली. दोन बोटांनी ताणलं की अक्षर बोराएवढं! म्हातारी म्हणाली, यंदा मी वाचते. झालं, विश्वंभरचं डोकंच फिरलं. पण मठातल्या पोथ्या लाल फडक्यात बांधून पोटच्या पोरासारख्या जपणारा माणूस तो. त्याला लागणारच की हो!

“पानाला वास असतो, बुवा. हाताला पान लागतं. ह्या काचेत काय आहे?”

“खरंय,” बुवा म्हणाले.

“आणि मध्येच कुणाचा फोन वाजला तर?”

“वाजेल. तुला मध्येच जांभई येते, तसा.”

अनसाक्काला हसू आलं नाही.

“राहू द्या, बुवा. इतकी वर्षं ऐकलं, अजून एकदा ऐकीन. फक्त… मरायच्या आधी एकदा माझ्या तोंडून व्हावं, असं वाटत होतं.”

तिने डोळ्यांना पदर लावला.



विश्वंभरला ते बघवेना. “मी काय अक्काच्या वाईटावर आहे का? पण पोथी ती पोथी आणि खेळणं ते खेळणं!” असं म्हणत तो ताडकन उठला.

अनसाक्काचा मोबाइल शेजारीच जमिनीवर होता, अध्याय उघडलेला. विश्वंभरचा पाय त्याला लागला.

तो चटकन खाली वाकला. मोबाइलला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पुटपुटला, “चुकलो, माउली.”

मग भानावर आला.



“सवय हो, बुवा,” तो कसाबसा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बुवांनी कातरलेली सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पलीकडे वळून म्हणाले,

“अनसाक्का, उद्या लवकर आंघोळ करून या. ह्याच्या हाताला कळलंय. तोंडाला कळेपर्यंत तुमचा अध्याय वाचून होईल.”