तिसरी म्हण

आयर्लंडमधली माणसं चुलीत सरपण म्हणून दलदलीतली कुजलेल्या पाल्याची माती जाळत, त्या काळात मी फिंटन नावाच्या म्हाताऱ्याचं गाढव होतो. तो काळी माती विटांसारखी कापून वाळवायचा आणि मी ती टोपल्यांतून घरी न्यायचो. काम करताना तो सारख्या म्हणी पुटपुटायचा. ऐकून ऐकून त्या मला पाठ झाल्या आणि मी स्वतःला पंडित समजू लागलो.

एकदा नोरा कोंबडी धापा टाकत आली. ओढ्याकाठच्या घरट्यात तिची पाच अंडी होती.

"दादा, आभाळ भरून आलंय. अंडी हलवू की थांबू?"

मी डोळे मिटून तिला घाई करण्याची म्हण ऐकवली. मग थांबण्याचीही ऐकवली.

"यातली आजची कुठली?" तिनं विचारलं.

हे फिंटननं कधी सांगितलं नव्हतं. म्हणून मी तिसरी ऐकवली.

तेवढ्यात पाऊस कोसळला आणि ओढा फुगला. "दादा, तोंड राहू दे, टोपली दे," नोरा म्हणाली. पाठीवर दोन रिकाम्या टोपल्या आहेत, हे पंडिताला सुचलंच नव्हतं. घरट्यापाशी जाऊन मी गुडघे टेकले. तिनं चोचीनं एकेक अंडं टोपलीत लोटलं. चारच आली. पाचवं माझ्या तिसऱ्या म्हणीबरोबर वाहून गेलं.

नोरा टोपलीतच उबवायला बसली. मी तोंड उघडलं की टोपली हलायची, म्हणून तीन आठवडे गप्प राहिलो.

फिंटन गावभर सांगत होता, "आमचं गाढव हल्ली फार शहाणं झालंय."